नाव बरोबर, गाव चुकीचं

मी भित्री नाही, हे आधीच सांगते.

बंदरावरच्या मालाच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाईला भित्रं राहून चालतच नाही. घुशी, ट्रकवाले आणि साहेब, तिघांनाही एकाच आवाजात दम द्यावा लागतो. माझी एक मैत्रीण मला या पेजवरच्या भुताच्या गोष्टी पाठवायची. मी तिला खुळी म्हणायचे.

आता खुळी मी आहे.

गेल्या हिवाळ्यातला तो शनिवार होता. दिवेलागणीची वेळ. तिथून पुढे जे झालं ते माझ्या शेडमध्ये आणि माझ्या घरात झालं. कोणाच्या मित्राच्या मामाकडून ऐकलेलं नाही, की यात पदरचं काही घातलेलं नाही. विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मला फक्त कोणाला तरी सांगायचंय.

आधी थोडं बंदराबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या बंदराचं जे नाव आहे, तेच नाव आणखी एका बंदराला आहे. बोटीनं दीड-दोन दिवसांवर. आधी नाव कोणाचं, यावरून दोन्हीकडचे म्हातारे अजून भांडतात. आम्ही त्या बंदराला 'सवत' म्हणतो. एकच नाव लावून बसलेल्या दोघी, म्हणून.

सवतीचा माल चुकून आमच्याकडे येतो आणि आमचा सवतीकडे जातो. एकदा तिच्या दवाखान्याच्या खाटा आमच्याकडे आल्या आणि आमच्या शाळेची बाकं तिच्याकडे गेली. संगणकात नाव टाकलं की दोन्ही बंदरं एकाखाली एक दिसतात. घाईत बोट चुकीच्या ओळीवर पडतं, बस.

तिकडच्या शेडमध्ये माझ्यासारखीच एक बाई आहे. आम्ही कधी भेटलेलो नाही, पण फोनवर रोजची उठबस. मी तिला सवतबाई म्हणते, तीही मला सवतबाई म्हणते. "काय गं, आज माझं काय ढापलंस?" अशी आमची सुरुवात.

घरी आम्ही दोघीच. मी आणि मावशी.

आई गेल्यावर मावशीनंच मला वाढवलं. तिचा मुलगा ढब्बू माझ्याहून थोडा लहान. नावासारखाच गोल. मोठ्या बोटींना ओढून धक्क्याला लावणारी टगबोट असते ना, तिच्यावर कामाला होता. दोन वर्षांपूर्वी वादळात डेकवरून पाण्यात पडला.

सापडला नाही.

मावशी त्याला 'गेला' म्हणू देत नाही. "यायचाय अजून," एवढंच म्हणते. मी वाद घालत नाही. कोणत्या तोंडानं घालणार?

आता तो शनिवार.

एका बोटीतून शवपेटी उतरली. समुद्रात असताना आजारानं वारलेला खलाशी होता. तरुण पोरगा. अशा पेट्या अधूनमधून येतात. आम्ही त्या शेडच्या टोकाला थंड खोलीत ठेवतो, घरचे येतात, घेऊन जातात.

आमच्या मुकादमांची एक सवय आहे. पेटी जमिनीवर टेकली की ते झाकणावर तळहातानं दोनदा थाप मारतात आणि आतल्या माणसाला सांगतात, गाव आलं. मी एकदा हसले होते, तर म्हणाले, "ताई, बसमध्ये झोपलेल्या माणसाला उठवत नाही का आपण? तसंच आहे हे. नाही उठवलं तर बिचारा पुढे निघून जातो."

त्या दिवशीही त्यांनी थाप मारली.

"उतर बाबा. आलं तुझं गाव."

आणि त्यांनी आमच्या बंदराचं नाव घेतलं. मोठ्यानं, स्वच्छ.

मी टेबलाशी बसून गेटपास फाडत होते. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

आणि माझ्या मागे...

धप्प.

कोणीतरी खांद्यावरची जड बॅग खाली टाकावी, तसा आवाज आला. मी वळले. मागे फक्त रिकाम्या फळ्या रचलेल्या होत्या. मुकादमही तिकडेच बघत होते.

"घूस असेल," मी म्हणाले.



मग पावलं वाजली. बुटांची, सावकाश, दाराकडे जाणारी. दारात कोणी नव्हतं. जरा वेळानं गेटवरचा वॉचमन तणतणत आत आला.

"ताई, आत्ता जो गेला त्याला सांगा, पास दाखवल्याशिवाय गेटबाहेर जायचं नसतं. मी हाक मारली तर वळूनसुद्धा बघितलं नाही त्यानं."

"कोण गेला?"

"तोच की... बॅगवाला."

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं. मी गेटपासकडे बघितलं. सांगितलं ना, तोवर मी हसणाऱ्यांतली होते.

पेटी घ्यायला कोणीच आलं नाही. एवढा तरुण मुलगा आणि एकही माणूस नाही? काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. कागद पुन्हा बघितले, मग सवतबाईला फोन लावला.

"अगं, तो आमचा!" ती किंचाळलीच. "त्याची आई सकाळपासून इथे धक्क्यावर बसलीये. रडून रडून अर्धी झालीये. दे पाठवून लवकर!"

म्हणजे नेहमीचीच चूक. फक्त या वेळी खाटा नव्हत्या, बाकं नव्हती.

सोमवारी सवतीकडे जाणाऱ्या बोटीत आम्ही पेटी चढवली. फोर्कलिफ्टवाल्यानं ती उचलली आणि मान खाजवत म्हणाला, "चढवतोय ती तीच ना? परवा जड लागली होती."

मुकादमांचा चेहरा पांढराफटक पडला. बोट सुटेपर्यंत ते धक्क्यावरच उभे होते. मग माझ्याजवळ आले.

"ताई, मी त्याला उतर म्हणालो होतो."

"मग?"

"मग परत चढ कोणी म्हणालं?"

मी त्यांना चहा पाजला आणि घरी पाठवलं.

आम्ही कस्टमच्या इमारतीमागे नळाच्या गल्लीत राहतो. गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं घर आहे. पेटी अजून शेडमध्येच होती, त्या रविवारी दिवे लागताना त्याच्या दारात कोणीतरी बॅग टाकली. धप्प. मग दारावर टकटक झाली आणि हाक आली. शिंप्याची बायको 'आले' म्हणून उठणार, तेवढ्यात सासूनं तिचा हात धरला. "आवाज ओळखीचा नाही. अनोळखी हाकेला ओ देऊ नये." दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं.

"काय म्हणाला पण?" मी नळावर शिंप्याच्या बायकोला विचारलं.

"'आ' म्हणाला की 'मा' म्हणाला, नीट कळलं नाही. पण गं... आईला मारतात ना हाक, तशी होती."

दुसऱ्या संध्याकाळी कंपाउंडरच्या दारात.

तिसऱ्या संध्याकाळी निवृत्त मास्तरांच्या दारात. मास्तर कोणाला घाबरत नाहीत. पण बुधवारी सकाळी ते भावाकडे राहायला निघून गेले.

मास्तरांच्या पुढचं घर आमचं.

त्या बुधवारी दुपारी सवतबाईचा फोन आला. आज काय ढापलंस वगैरे काही नाही. आवाज एकदम खाली.

"पेटी पोचली गं. उघडली. आईनं बघितलं. चेहरा त्याचाच, हातावरचं गोंदणही त्याचंच. पण ती म्हणते, हा तो नाही. म्हणते, पेटी आली पण माझा पोरगा आला नाही."

"दुःखात माणूस बोलतो असं काहीबाही."

"नाही गं. शांत आहे ती. पुढच्या बोटीनं येईल म्हणते."

मी विचारलं, "त्याचं घर कुठे आहे?"

"कस्टमच्या मागे. नळाच्या गल्लीत. निळं दार."

आता कस्टमच्या मागे नळ कोणत्या बंदरात नसतो? आणि बोटीचा उरलेला निळा रंग कोणत्या बंदरात दारांना लागत नाही? आमच्या गल्लीतली अर्धी दारं निळी आहेत.

आमचंही.

मी खुर्ची तशीच ढकलली आणि पळाले. चप्पल एका पायात होती की दोन्ही, आठवत नाही. गल्लीत शिरले तेव्हा दिवे लागत होते. सगळ्यांची दारं बंद होती. आमच्या दारासमोर कोणी नव्हतं. मला हायसं वाटलं.

आणि मग, माझ्यापासून हातभर अंतरावर...

धप्प.

माझी दातखीळ बसली. शेडच्या थंड खोलीचं दार उघडल्यावर येतो ना, तसा गार झोत अंगावर आला. त्यात डिझेलचा वास होता. आमच्या निळ्या दारावर टकटक झाली. दारापुढे कोणीही नव्हतं.

हाक आली. बारीक, दमलेली. फार लांबून आलेल्या माणसाची.

मला ओरडायचं होतं, मावशी, ओ देऊ नकोस! तोंडातून हवासुद्धा निघाली नाही.

आतून मावशीचा आवाज आला.

"ओ... आले रे, आले बाळा."

दार उघडलं. मावशीनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग बाजूला सरकली. कोणाला तरी आत यायला वाट देतात, तशी.

त्या दिवसापासून आमच्या घरात तिघं राहायला लागली.

मावशीला मी इतकी खूश दोन वर्षांत बघितली नव्हती. ती गुणगुणायची. दोन ताटं वाढायची, एक स्वतःचं आणि एक त्याचं. मला म्हणायची, "तू घे गं आपलं आपण." पाहुण्यापुढे घरच्या पोरीला काय विचारायचं!

मला हसू येत नव्हतं. मी घाबरले होते, सरळ सांगते. कोपऱ्यातल्या ढब्बूच्या पलंगावरची गादी मधोमध खोल दबलेली असायची आणि तिच्यावर कोणी नसायचं. एकदा संध्याकाळी मी केस विंचरत होते, तेव्हा समोरच्या खुंट्यांवरचे ढब्बूचे शर्ट... एकेक करत सरकले. शेवटची खुंटी मोकळी झाली. तिच्यावर काहीतरी जड अडकवल्यासारखी ती खाली वाकली.

मी फणी तिथेच टाकून बाहेर नळावर जाऊन बसले.

पण खरी भीती वेगळीच होती.

मावशी गार पडायला लागली होती.

आधी हात, मग कपाळ. तीन शाली पांघरून बसायची आणि म्हणायची, "मला कुठे थंडी वाजतेय?" तिच्या बोटांची टोकं सुरकुतली होती. तासन्तास पाण्यात राहिल्यावर होतात तशी. आठवड्याभरात तिचा आवाज इतका खोल गेला की शेजारी बसूनही मला वाकून ऐकावं लागे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, टॉनिक देतो. टॉनिकनं काय होणार होतं? मेलेल्या माणसाला ओ दिली होती तिनं. रोज थोडी थोडी ती त्याच्याकडे चालली होती, हे मला दिसत होतं. आणि मला या जगात तिच्याशिवाय कोणी नाही.

मी मुकादमांकडे गेले.

"तुम्ही उतरवलाय, आता तुम्हीच चढवा."

ते नाही म्हणाले नाहीत. त्याच संध्याकाळी घरी आले. मावशी स्वयंपाकघरात होती. मुकादम पलंगासमोर उभे राहिले. घाम फुटला होता, पण आवाज शेडमधलाच काढला.

"बाबा, चूक झाली आमची. हे तुझं गाव नाही."

गादी वर आली. हळूहळू. कोणीतरी उठून उभं राहिलं होतं.

धप्प. बॅग उचलून पुन्हा टेकवली. बूट वाजले. दाराकडे चालले... माझ्या खांद्याला गार लागलं. मी डोळे गच्च मिटून घेतले. पावलं उंबऱ्यात थांबली. विचारत असावीत, मग कुठलं?

मुकादम म्हणाले, "तुझं गाव आहे ते..."

आणि त्यांनी नाव घेतलं.

काय घेणार दुसरं? त्याच्या गावाचं नाव तेच होतं.

पावलं वळली. परत आली. गादी पुन्हा खाली दबली.

मुकादमांनी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा उठला. नाव ऐकलं आणि पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी गादी इतक्या जोरात दबली की पलंग भिंतीवर आपटला. मुकादमांची बोबडी वळली. चपला हातात घेऊन ते गल्लीत पळाले, मी त्यांच्यामागे.

"नावच घेता येत नाही हो ताई!" ते धापा टाकत होते. "नाव घेतलं की त्याला वाटतं, आपण बरोबर आलोय."

म्हणून मीही या गोष्टीत आमच्या बंदराचं नाव लिहिलेलं नाही. शोधायला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सवतबाईनं सांगितलं, त्या पोराची आई अजून रोज धक्क्यावर जाते. जेवत नाही. प्रत्येक बोटीतून उतरणाऱ्या माणसांचे चेहरे बघते आणि परत येते.

मी घरी आले आणि मावशीपुढे बसले. तिचे बर्फासारखे हात हातात घेतले.

"मावशी, हा ढब्बू नाही."

ती माझ्याकडे बघून हसली. केविलवाणं.

"मला काय कळत नाही? ढब्बू चालला की शेजाऱ्यांची भांडी वाजायची. याची पावलं चिमणीसारखी आहेत."

"मग का ओ दिलीस गं?"

"आईला मारतात तशी हाक मारली की गं कोणीतरी. दोन वर्षांनी." तिनं पदर तोंडाला लावला. "पदरी पडलं, पवित्र झालं. म्हटलं, हाही कोणाचा तरी असेलच. माझाही कोणाच्या तरी दारात असाच उभा असेल, त्यालाही कोणी ओ देईल."

मी तिला त्या दुसऱ्या आईबद्दल सगळं सांगितलं. धक्का, बोटी, न जेवणं. मावशी ऐकत राहिली. रडली नाही. बराच वेळ गादीच्या त्या खड्ड्याकडे बघत बसली. मग उठली, तोंड धुतलं, आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसली. तिनं हवेत हात फिरवला. डोक्यावरून फिरवतात तसा.

"बाळा," ती म्हणाली, "मी तुझी आई नाही रे."

घरातलं सगळं थांबलं. नळाचं ठिबकणंसुद्धा.

"तुझी आई तिकडे उपाशी बसलीये. इतके दिवस मी तुला ठेवून घेतलं, ते काही बरं केलं नाही. चल. मी येते सोडायला."

मग एक आवाज आला, तो मला अजून झोपेत ऐकू येतो. भूत रडतं की नाही मला माहीत नाही. पण लहान मूल हुंदका दाबायचा प्रयत्न करतं ना... तसा होता तो.

गादी वर आली.

सवतीकडे जाणारी बोट त्याच संध्याकाळी होती. मावशी माझ्या आधारानं चालत होती आणि तिचा दुसरा हात बाजूला, किंचित पुढे होता. कोणाचं तरी मनगट धरल्यासारखा. वॉचमननं आमच्या तिघांसाठी गेट उघडलं. तिघांसाठी म्हणते, कारण त्यानं मान हलवून तीन माणसं मोजली आणि मग डोळे चोळले. पास मात्र त्यानं मागितला नाही.

धक्क्यावर मुकादम थांबले होते. मी त्यांना आधीच बजावलं होतं, नाव घ्यायचं नाही. त्यांनी शिडीच्या कठड्यावर दोनदा थाप मारली.

"चढ बाबा. आईकडे जायचंय ना? चढ."

शिडी करकरली. एकेक पायरी वाजत वर गेली. वरच्या टोकाला... धप्प.

मावशीचा पुढे धरलेला हात खाली पडला. बोट सुटेपर्यंत ती हलली नाही.

दुसऱ्या सकाळी तिच्या कपाळाला ऊब होती. मी आनंदानं रडले. बोटांच्या सुरकुत्या दोन-चार दिवसांत गेल्या, आवाज परत आला, मला शिव्या घालण्याइतकी ती बरी झाली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या आठवड्यात सवतबाईचा फोन आला.

"तो आला गं! म्हातारीनं ओ दिली. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आता जेवते, हसते, दोन ताटं वाढते."

दोन ताटं म्हटल्यावर मला मावशीचे गार हात आठवले.

महिना गेला नसेल, तिनं पुन्हा फोन केला. म्हातारी गेली. सकाळी पलंगाच्या कडेला बसलेली सापडली. चेहरा हसरा होता. हात मात्र दिवसभर पाण्यात ठेवल्यासारखे, आणि अंग थंड खोलीतून काढल्यासारखं. त्यानंतर त्या घरातून कसलाही आवाज आला नाही. दोघंही गेली असावीत.

मावशीला मी एवढंच सांगितलं की पोरगा पोचला. ती म्हणाली, "बरं झालं बाई. एकीचा तरी पोचला."

इथे गोष्ट संपायला हवी होती. मीही तसंच धरून चालले होते.

गेल्या महिन्यात, रविवारी, सवतबाईनं मला घरी फोन केला. ती कधी घरी फोन करत नाही.

"एक विचारू? तुमच्याकडचं कोणी हरवलंय का? समुद्रात?"

मी वळून मावशी जवळ नाही ना, ते बघितलं.

"दोन वर्षांपूर्वी आमच्या मासेमारीच्या बोटीला एक माणूस सापडला होता. पाण्यात फार दिवस राहिलेला. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंगात नारिंगी डगला होता आणि डगल्यावर बंदराचं नाव. आमचं नाव बघितलं आणि आमचाच म्हणून आम्ही त्याला मातीत ठेवलं. आमच्यातलं कोणी हरवलेलं नव्हतं, पण नाव होतं ना. दुसरीकडे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ठेवताना आमच्या एका म्हाताऱ्यानं त्याला सांगितलंसुद्धा, आलास बाबा तुझ्या गावाला."

ढब्बू कामावर जाताना तसाच नारिंगी डगला घालायचा.

"तेव्हापासून संध्याकाळी गल्लीत एक जण दारं वाजवत फिरतो. आम्हाला सवय झालीये, कोणी ओ देत नाही. पण त्या म्हातारीचं असं झाल्यावर मला राहवेना. हाही कोणाचा तरी असेल गं. जाड आवाज आहे. चालला की आमच्या फळीवरची भांडी वाजतात. आणि आई म्हणत नाही तो..."

"मग काय म्हणतो?"

"माऊ."

ढब्बूनं मावशीला आई अशी हाक कधीच मारली नाही. लहानपणी मी मावशी म्हणायचे, माझं ऐकून तोही तेच म्हणायला गेला, आणि त्याच्या बोबड्या तोंडात त्याचं माऊ झालं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

"मी त्याला सांगून बघितलं," सवतबाई सांगत होती. "हे तुझं गाव नाही म्हणून. तो थांबला. मग मी तुझ्या गावाचं नाव घेतलं, आणि तो परत दारं वाजवायला लागला. त्याला त्याच्या आईनंच बोलावलं पाहिजे. तुला माहिती आहे का ती कोण?"

आतून मावशीनं विचारलं, "कोणाचा गं फोन?"

"राँग नंबर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

"राँग नंबरला कोणी इतकं रडतं का गं?"

मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती त्याच क्षणी त्याला बोलावणार, तो येणार, ती ओ देणार, आणि मग तिचे हात गार पडायला लागणार. आणि या वेळी ती कोणाला परत पाठवणार नाही. नाही सांगितलं तर ढब्बू तिकडे परक्या गल्लीत रोज एकेक दार वाजवत राहणार. त्याला अंधाराची फार भीती वाटायची हो.

सांगायचं नाही, असं मी रोज सकाळी पक्कं ठरवते.

दिवे लागले की मावशी दाराशी येऊन बसते. आणि माझं ठरलेलं टिकत नाही.